उलटी लेन्स आणि डावा अंगठा

आमच्या दुकानात भिंतीवर एका अंगठ्याचा फोटो लावलेला आहे. देव नाही, हार घातलेले वडील नाहीत, नुसता अंगठा, ताटाएवढा मोठा. इंदूरच्या मल्हारगंजातल्या आमच्या गल्लीत नवीन गिऱ्हाईक आलं की आधी तो बघतं, मग मला बघतं, मग विचारतं, काका, हे काय आहे? मंडळाचे लोक दिवाळी अंकासाठी आले तेव्हा त्यांनीही विचारलं. मी सांगितलं तर म्हणाले, हेच लिहून द्या. मी म्हटलं, मला साहित्य येत नाही, स्क्रू येतात. ते म्हणाले, मग स्क्रूचंच लिहा. म्हणून लिहितो. शाळा सातवीपर्यंत झाली आहे, चुका त्यांनी बघून घ्याव्यात.

मी कॅमेरे दुरुस्त करतो. चाळीसच्या वर वर्षं झाली. त्यातलं सगळं सांगत नाही, कोणाला कामाचं नाही. फक्त शेवटच्या पाचसहा वर्षांचं सांगतो.

नवीन कॅमेरे आले आणि माझं काम बसलं. त्यांच्यात दुरुस्त करण्यासारखं काही नसतं, आतलं कार्ड बदलायचं आणि झाकण लावायचं. जुन्या लेन्सांचा दुकानात ढीग पडला होता. लोक दुरुस्तीला टाकून गेले आणि परत आलेच नाहीत. अशा वेळी एक दिवस मुळ्ये सर आले. शेतकी कॉलेजातून रिटायर झालेले, किड्यांचे मास्तर. मावा म्हणून पिकावर एक बारीक हिरवी कीड पडते, तिचे त्यांना फोटो काढायचे होते, तेही डोळे दिसतील असे. त्यासाठी वेगळी लेन्स येते, पण ती त्यांना परवडण्यातली नव्हती. ते म्हणाले, "एक जुनी लेन्स कॅमेऱ्याला उलटी लावून द्या."

मला वाटलं, सर सरकले. मी म्हटलं, सर, चश्मा उलटा घालून पेपर वाचता का? ते चिडले नाहीत. ढिगातून त्यांनी पन्नास एमएमची एक लेन्स उचलली, माझ्या कॅमेऱ्याची लेन्स काढली, आणि ती जुनी लेन्स उलटी, मतलब तिचं पुढचं तोंड कॅमेऱ्याकडे आणि बूड बाहेर, अशी नुसती हातानं दाबून धरली. म्हणाले, आता तुमच्या बाहीला चिकटवा आणि हळूहळू मागं या.

मी बघितलं. माझ्या शर्टाचा धागा होता, पण तो धागा नव्हता, विहिरीवरचा दोरखंड होता. त्याच्यावर साखरेचा एक कण अडकला होता, सकाळच्या चहाचा असेल. तो विटेसारखा दिसत होता, कोपरे फुटलेल्या विटेसारखा. मी डोळा काढला, परत लावला. लेन्स मी पुढून बघितली होती, मागून बघितली होती, तिचे तुकडे करून डबीत ठेवले होते, पण उलटी लावून बघावी हे एवढ्या वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. खरं सांगतो, मला आनंद झाला नाही. धक्का बसला आणि राग आला, आणि राग माझा मलाच आला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लेन्सचं काम मोठी वस्तू लहान करून आत टाकायचं. अख्खं घर ती बोटभर जागेत मावून दाखवते. तिला उलटी केली की काम उलटं होतं, लहान वस्तू मोठी होते. बस, एवढंच आहे. पण त्याचे त्रास आहेत. फोकसची रिंग फिरवून काही होत नाही, अख्खा कॅमेरा पुढं-मागं करायचा. वस्तू लेन्सपासून तीन बोटांवर पाहिजे, त्याच्या इकडे नाही आणि तिकडेही नाही. श्वास घेतला तरी फोटो हलतो. साफ दिसणारा थर इतका पातळ असतो की मुंगीचा डोळा साफ आला तर तिची मिशी पुसट. जुनी लेन्सच घ्यावी, जिच्या गळ्यात छिद्र लहान-मोठं करायची रिंग आहे. छिद्र लहान केलं की थर जाड होतो, पण उजेड कमी होतो, मग बाजूला पांढरा कागद धरा, खिडकीशी बसा. आणि लेन्सचं बूड बाहेर उघडं असतं, त्याला बोट लावू नका. ज्याला सुरू करायचं आहे त्यानं एवढं जरी लक्षात ठेवलं तरी पुष्कळ आहे.

हातानं लेन्स धरून किती वेळ चालणार? रिंग पाहिजे. एका बाजूला लेन्सच्या तोंडाचे आटे, ज्याला आम्ही चुडी म्हणतो, आणि दुसऱ्या बाजूला कॅमेऱ्यात बसणारं कडं. मी फुटलेल्या फिल्टरची काच काढून त्याची चुडी घेतली, मेलेल्या लेन्सचं कडं घेतलं, सांवेर रोडला एका ओळखीच्या लेथवर दोन्ही घासून घेतले आणि तीन बारीक स्क्रूंनी जोडले. मुळ्ये सरांनी आठ दिवसांत किड्याचे डोळे आणून दाखवले. मग त्यांनी पाच जणांना सांगितलं, त्यांनी आणखी पाच जणांना. किडेवाले आले, फूलवाले आले, लग्नात अंगठीचे फोटो काढणारे आले. बसलेलं दुकान उभं राहिलं.

आता कमलचं सांगतो. कमल म्हणजे आमची मंडळी. दुकानाच्या वर आमचं घर, ती दुपारची खाली यायची. रिंगच्या आतली बाजू काळी करावी लागते, चमक नसलेल्या काळ्या रंगानं, नाही तर आत उजेड उड्या मारतो आणि फोटो धुरकट येतो. ते काम माझं नाही. माझा हात स्क्रूचा, ब्रशचा नाही. कमल डाव्या हाताच्या अंगठ्यावर रिंग बसवायची आणि उजव्या हातानं ब्रश फिरवायची. मी म्हणायचो, कमलबाई, तुम्ही हातात बांगडीऐवजी पेंट भरता. ती म्हणायची, बांगडी तुम्ही आणली असती तर ती भरली असती. तिचा डावा अंगठा कायम काळा. आमच्याकडे सगळ्यांचेच हात काळे, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

रिंग तयार झाली की टेस्ट करायची. रिंग केसभर जरी तिरकी बसली तर फोटो एका बाजूला साफ येतो आणि दुसऱ्या बाजूला पुसट. ते बघायला मी एक पद्धत काढली. रोलची एक पांढरी प्लास्टिकची डबी घेतली, पूर्वी फिल्म यायची ती, तिचं बूड कापलं आणि ती लेन्सच्या बुडाला लावली. आता लेन्स आणि वस्तू यांच्यातलं अंतर पक्कं झालं, डबीएवढं, कधी बदलणार नाही. पांढऱ्या प्लास्टिकमधून उजेडही सगळीकडून सारखा येतो. डबीच्या तोंडाशी कमलचा अंगठा. नखाच्या दोन्ही बाजूंची कातडी एका उंचीवर असते. डावीकडच्या कातडीच्या रेघा आणि उजवीकडच्या रेघा सारख्या साफ आल्या की रिंग पास. मध्ये काय आहे ते बघायची गरज नसते. नख फुगीर असतं, मधलं जरा पुसटच येतं.

प्रत्येक रिंगचा असा एक फोटो. छापायचा, मागं गिऱ्हाइकाचं नाव आणि तारीख लिहायची आणि बिस्किटाच्या डब्यात टाकायचा. कोणी भांडायला आला की डबा उघडून दाखवायचा, बघ भिया, दुकानातून गेली तेव्हा सीधी होती, तू पाडलीस. त्यातला सगळ्यात चांगला फोटो मोठा करून मी भिंतीवर लावला होता. लोक म्हणायचे, क्या बात है काका, पेंटसुद्धा दिसतो. मी मान वर करून उभा राहायचो.

गंमतही व्हायची. दिनेश म्हणून एक नमकीनवाला आहे, सांवेर रोडला त्याचा कारखाना. त्याला पुड्यावर शेवेचा फोटो पाहिजे होता, एकदम जवळून, खाणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटेल असा. मी स्वतः काढून दिला. एक शेव, अख्ख्या फोटोभर. त्यानं फोटो हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "काका, ये तो फूटा हुआ नाली का पाइप लग रिया है." शेवेला भोकं, भोकांत तेल, तेलात काही तरी तरंगत होतं. मी म्हटलं, मी त्यात काही घातलेलं नाही, तुझंच आहे. आठ दिवस त्याचं शेव खाण्यावरून मन उडालं होतं, असं त्याच्या बायकोनं कमलला सांगितलं. पण रिंग घेऊन गेला. आता मशिनचे दाते झिजले का ते त्या रिंगनं बघतो.

ह्या सगळ्यात एक दिवस कमल ब्रश धुताना म्हणाली, "अहो, हा नखावरचा डाग थिनरनं जात नाही हो." मी स्क्रू लावत होतो. वर बघितलं नाही. म्हटलं, जुना पेंट असेल, आत मुरला असेल, नख वाढलं की निघून जाईल. ती बरं म्हणाली.

एवढंच बोलणं झालं. पण ते मला शब्दाला शब्द आठवतं.

त्यानंतर साताठ महिन्यांनी तुकोगंजातल्या एक डॉक्टरबाई आल्या. कातडीच्या डॉक्टर. पेशंटच्या अंगावरचे डाग, तीळ जवळून टिपायला त्यांना रिंग पाहिजे होती. मी नेहमीचं भाषण सुरू केलं, थर, उजेड, तीन बोटं, आणि हात करून भिंत दाखवली, हे बघा, आमच्याच रिंगचं काम.

त्या भिंतीकडे बघत राहिल्या. मला वाटलं, बाईंना पसंत पडलं. मग म्हणाल्या, "काका, हे बोट कोणाचं?"

मी म्हटलं, आमच्या मंडळींचं. ती काळी रेघ बघू नका, तो पेंट आहे.

"पेंट नखाच्या वर बसतो," त्या म्हणाल्या. "ही आतून आली आहे. आणि इथं बघा, नखाच्या मुळाशी कातडीतही उतरली आहे. हा फोटो कधीचा?"

मी हसलो. हो, हसलो, ते लपवत नाही. म्हटलं, चारपाच महिने झाले असतील. बाई, सगळ्या फोटोंत आहे ती, आम्ही रंगारी लोक. आणि मला खोटं पाडतात काय म्हणून मीच बिस्किटाचा डबा काढला आणि काउंटरवर पालथा केला.

त्या म्हणाल्या, तारखेनं लावा.

मी लावले. चाळीसेक फोटो होते. हे वाचणाऱ्यानं नीट समजून घ्यावं. डबीचं अंतर पक्कं, लेन्स तीच, म्हणून सगळ्या फोटोंत नख एकाच मापाचं होतं. एकावर एक ठेवलं तर किनार जुळेल असं. एवढी चोख टेस्ट आख्ख्या इंदुरात कोणी करत नव्हतं. पहिल्या फोटोत रेघ दोऱ्याएवढी होती. मधल्यात काडीएवढी. शेवटच्यात नखाचा तिसरा हिस्सा काळा, आणि काळं बाहेर कातडीत सांडलेलं. रेघ पुढं सरकली नव्हती. पेंट असता तर नखाबरोबर पुढं गेला असता. ती होती तिथंच होती आणि रुंद होत होती, आणि मी प्रत्येक फोटो हातात घेऊन, भिंग लावून, डावीकडची कातडी बघितली होती आणि उजवीकडची कातडी बघितली होती. चाळीस वेळा. पास म्हणून सही केली होती.

मी स्टुलावर बसलो.

कमल चहा घेऊन खाली आली. तिला काही माहीत नव्हतं. डॉक्टरबाईंनी तिचा हात हातात घेतला आणि मला म्हणाल्या, थिनर आहे? कापसानं त्यांनीच नख पुसलं. कापूस काळा झाला. मी म्हटलं, बघा, निघालं. एक क्षण मला खरंच वाटलं की सगळं निघालं. मग त्यांनी कापूस बाजूला केला. वरचा पेंट गेला होता. खाली रेघ तशीच होती, उलट जास्त साफ दिसत होती.

कमल म्हणाली, "मी सांगितलं होतं ह्यांना. थिनरनं जात नाही."

ती तक्रार करत नव्हती. डॉक्टरला माहिती द्यावी तसं सांगत होती. तिनं रागावून म्हटलं असतं तर मला बरं झालं असतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. नखाखालचा कॅन्सर होता. असा असतो हेच मला माहीत नव्हतं. मी डॉक्टरबाईंना विचारलं, पेंटनं झाला का? त्या म्हणाल्या, नाही काका, पेंटनं झाला नाही, पेंटनं नुसता झाकला. ते ऐकून मला बरं वाटायला पाहिजे होतं. अंगठा काढला. टाके सुकल्यावर कमल हट्टानं दुकानात आली. टेबलावर एक रिंग तयार होती, ऑपरेशनपासून मी तिला हात लावला नव्हता. पेंट कोण करणार आणि टेस्ट कशावर करणार? मला ते काम बंदच करायचं होतं. तिनं खुर्ची ओढली, डाव्या हाताला पट्टी होती तो मांडीवर ठेवला, आणि उजव्या हाताचा अंगठा डबीखाली धरला.

"हा घ्या," ती म्हणाली. "हा कोरा आहे."

मी म्हटलं, कमल, नको. ती म्हणाली, "मुळ्ये सरांची नवी रिंग आहे ना? ते वाट बघत असतील. काढा."

मी काढला. पहिला फोटो वाया गेला. दुसरा आला.

त्यानंतर ती दोन वर्षं होती. आधी काखेत गाठ आली, मग छातीत उतरलं. शेवटपर्यंत तिनं मला एकदा बोल लावला नाही. मी एकदा स्वतःच विषय काढला, म्हटलं, मी बघितलं नाही. ती म्हणाली, "अहो, बघितलं तर मीही होतं. रोज बघत होते. मलाही तो पेंटच वाटला." आता हे खरं की मला सोडवायला म्हणाली, ते मला कळायचं नाही.

ती गेली रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी. इंदूरच्या माणसाला सांगायला नको, त्या दिवशी आख्ख्या गावाच्या हातांवर रंग असतो. माणसं आली, माझ्या खांद्यावर हात ठेवले, आणि प्रत्येकाच्या नखांत रंग होता, हिरवा, लाल, काळा. मी रडलो नाही. मी खाली मान घालून सगळ्यांची नखं बघत होतो. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं गेलं. मुळ्ये सर तेवढे समजले. त्यांनी त्यांचे दोन्ही हात माझ्यापुढं धरले, पालथे, आणि मी बघून होईपर्यंत तसेच धरून ठेवले.

डाव्या अंगठ्याचा मोठा फोटो आता भिंतीवर नाही. तो आणि डब्यातले सगळे फोटो डॉक्टरबाईंना दिले. शिकाऊ डॉक्टरांना त्या ओळीनं लावून दाखवतात. म्हणाल्या, एकाच मापात, इतक्या दिवसांचे, असे फोटो आम्हाला कुठं मिळत नाहीत. माझ्या कामाची एवढी तारीफ कधी कोणी केली नव्हती. मी घरी येऊन जेवलो नाही.

रिंगा अजून करतो. पेंट मीच मारतो, ओबडधोबड होतो. टेस्ट आता गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या अंगठ्यावर. आधी मधलं बघतो, मग बाजू बघतो. लोक हसतात. हसू दे.

गेल्या वर्षी दिनेश आला. त्याची रिंग मशिनवरून पडली होती, दुसरी पाहिजे होती. अंगठा डबीखाली ठेवला, मी फोटो काढला, आणि मध्ये काळं. मी दुकानाचं शटर ओढलं. तो म्हणत होता, काका, कारखान्यात माल अटकला आहे, हे तर मशिनीत बोट दाबलं होतं त्याचं आहे. मी म्हटलं, हमने भी पेंट ही समझा था, बैठ. स्कूटरवर मागं बसवून तुकोगंजला नेला.

डॉक्टरबाईंनी बघितलं, भिंगातून बघितलं, आमच्याच रिंगनं फोटो काढला. म्हणाल्या, मार लागल्याचं रक्त आहे, नखाबरोबर पुढं सरकेल, पण तीन महिन्यांनी परत दाखवा.

तीन महिन्यांनी त्यांना परत दाखवून तो दुकानात आला तो भांडायलाच. आख्खा दिवस बुडाला, बायको घरी दोन दिवस रडत होती, तुमच्यामुळे देवाला नवस बोलले गेले, आणि निघालं काय, तर काही नाही. काउंटरवर हात आपटून बोलत होता. तो आपटत होता तो हात मी धरला, अंगठा डबीखाली नेला आणि फोटो काढला. नख मुळापासून टोकापर्यंत साफ होतं. मी मागं नाव लिहिलं, तारीख लिहिली आणि बिस्किटाच्या डब्यात टाकला. मग त्याच्यासाठी चहा सांगितला.

चहा पिता पिता त्याचा राग उतरला. भिंतीकडे बघून म्हणाला, "ये काकी का ही है ना?"

मी म्हटलं, हो.

"पर ये तो एकदम साफ है."

"हा उजवा आहे," मी म्हणालो.